सागवानातलं एचटी-२ (१/३२) : उजवा पंख लांब झालाय, शिवाय आणखी तीन रडगाणी

सागवानी

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसता वाचतोय. आज लिहितोय कारण अडलोय.

पेशानं मी पॅटर्नमेकर. सगळी नोकरी कोल्हापुरात उद्यमनगरात गेली. बिडाचं (ओतीव लोखंडाचं) कास्टिंग ओतायच्या आधी त्याच आकाराचं लाकडी पॅटर्न लागतं. वाळूत त्याचा ठसा उठवतात आणि त्या पोकळीत रस ओततात. पंपाची केसिंगं, गिअरबॉक्स, फ्लायव्हील असली पॅटर्नं मी छत्तीस वर्षं केली. आता ते काम सीएनसीवर गेलं आणि आमच्या पटाश्या पेटीत. घरी बसल्यावर हात शिवशिवायला लागले, म्हणून नातवाला आधी एक जेसीबी करून दिला, मग बैलगाडी, आणि आता हे विमान. विमान मात्र नातवासाठी नाही, दाजींसाठी.

दाजी म्हणजे आमच्या थोरल्या ताईचे यजमान. हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची दुरुस्ती-देखभाल करणारे होते. बिदरला असताना एचटी-२ त्यांच्या हाताखालून गेलं. ऐंशीला टेकलेत, पण नजर अजून फिटरचीच. मागच्या दिवाळीत मी बैलगाडी दाखवली तर म्हणाले, "बैल छान. आता आमचं विमान कर बघू, पंचाईत होईल तुझी." झाली.

ज्यांना हे विमान माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एचटी म्हणजे हिंदुस्तान ट्रेनर, नव्या वैमानिकांना शिकवायचं विमान. ५ ऑगस्ट १९५१ ला बंगळुरात ते पहिल्यांदा उडालं, उडवलं कॅप्टन मुन्शींनी. आराखडा झाला तो डॉ. वि. मा. घाटगे यांच्या हाताखाली. घाटगे म्हटल्यावर कागल-कोल्हापूरच्या माणसाचे कान टवकारणारच! हे साहेब जर्मनीत गटिंगनला थेट प्रांटलकडे, म्हणजे वायुगतिशास्त्रातल्या दादा माणसाकडे शिकून आलेले. पुढं किरण हे जेट ट्रेनरसुद्धा त्यांच्याच देखरेखीखाली झालं. ज्या कारखान्यात ते बनलं तो, म्हणजे आजचं एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स), काढला होता सोलापूरच्या वालचंदशेठनी, १९४० मध्ये. आपल्याकडे आराखडा होऊन कारखान्यातून रांगेनं बाहेर पडलेलं पहिलं विमान ते हेच. दीडशेच्या वर बनली, त्यातली बारा घानाच्या हवाई दलाला गेली.

दिसायला साधं आहे. पंख खाली, बैठका एकामागं एक, पाय न दुमडणारे, शेपटीखाली छोटं चाक. इंजिन सिरस मेजर, १५५ अश्वशक्तीचं, चार सिलिंडर एका ओळीत आणि तेही उलटे टांगलेले. क्रँकशाफ्ट वर, सिलिंडर खाली. त्यामुळं पंखा (नाकावरचा फिरणारा, प्रॉपेलर) वरच्या अंगाला येतो आणि नाकाला हनुवटी सुटते. ती हनुवटी जमली की विमान ओळखू येतं, नाहीतर कुठलंही विमान होतं. माझ्या पहिल्या नाकाला दाजी "शोकेसमधलं बदक" म्हणाले. ते नाक मी चुलीत घातलं.

मापं अशी : खरा पंख टोकापासून टोकापर्यंत १०.७२ मीटर, म्हणजे १/३२ ला ३३५ मिमी. लांबी ७.५३ मीटर, म्हणजे २३५ मिमी. लाकूड जुन्या पॅटर्नच्या तुकड्यांतलं, चाळीस वर्षं वाळलेलं सागवान. धड स्प्लिट पॅटर्नसारखं दोन अर्ध्या भागांत केलंय, मध्ये खुंट्या घालून. बैठकांच्या जागी आतून गोल पटाशीनं कोरून भिंत तीन मिमीवर आणली. पत्र्याचे फर्मे कापून दर दोन सेंटीमीटरला तपासलं. इथपर्यंत झकास.

आता रडगाणी.

पंख दोन भागांत केले. ते मधल्या रेषेवर, धडाच्या पोटाखाली जुळतात. प्रत्येक भाग १६७.५ मिमी हवा. डावा व्हर्नियरवर १६७.४ आला. उजवा १६९.२! पावणेदोन मिलिमीटर लांब. दोन्ही एकाच वहीतल्या मापांवरून आखले, दोन्ही मीच केले, एकाच बैठ्या टेबलावर. छत्तीस वर्षांत पाव मिमीवरून माझं पॅटर्न परत आलं नाही आणि इथं हे. आठ दिवस डोकं चालत नाहीये.

दुसरं म्हणजे पंखाची मागची कड. खऱ्या विमानात तो पत्रा, या मापाला कागदासारखी कड हवी. सागवान अर्ध्या मिमीच्या खाली नेलं की रेषेवर चिरतं.

तिसरं, वरची काच. पाण्याच्या बाटलीत लाकडी साचा घालून हॉट एअर गन मारतात हे इथंच वाचलं होतं. साचा केला, सवयीनं त्याला चपड्याचं (लाखेचं) पॉलिश मारलं, आरशासारखा झाला. बाटली आक्रसली मस्त, पण नंतर सुटेना. सुटली तेव्हा आतून पिवळे डाग आणि लाकडाच्या रेघा.

चौथं, पंखावरची गोल निशाणी. चंदेरी रंगावर डेकल (पातळ चित्रपट्टी) छापून लावलं तर मधलं पांढरं कडं चंदेरीच दिसतं. काय करावं?

---

डबाबाटली

काका, एक नंबर! नाक चुलीत घालणारा माणूस या ग्रुपला हवाच होता.

मी डोंबिवलीत वन बीएचकेत प्लास्टिकची मॉडेलं करतो, लाकडातलं मला कळत नाही. पण पंखाचं माझ्या मते झेरॉक्स. आराखडा मोठा करून घेतला असणार ना? झेरॉक्स मशीन कागद ओढताना एका दिशेनं थोडा ताणते. मी एकदा १/७२ च्या आराखड्यावरून १/४८ काढलं तर लांबी बरोबर आणि रुंदी दोन मिमीनं जास्त. आडव्या-उभ्या दोन्ही दिशांना एक-एक पट्टी काढून ठेवा आणि मगच झेरॉक्स मारा, म्हणजे कुठं ताणलं ते दिसतं.

बाटलीचं सांगतो. चपडा उष्णतेनं मऊ पडतो, तोच चिकटला. साच्यावर काहीही वितळणारं नको. लाकूड घासून साफ करा, पातळ फेविक्विक चोळून मुरवा, सुकल्यावर ६०० चा वॉटर पेपर, मग १०००, मग १५००, शेवटी टूथपेस्ट. लाकडाच्या रेघा अगदी बारीक असल्या तरी प्लास्टिक उचलतं, म्हणून नखानं खरवडून बघा. जाणवली तर पुन्हा फेविक्विक. खिडक्या उघड्या ठेवा, वाफेनं डोळे झोंबतात.

साचा काचेच्या जाडीएवढा सगळीकडून बारीक करा, नाहीतर काच धडावर टोपीसारखी बसेल. खाली सेंटीमीटरभर जास्तीची उंची ठेवा, कारण कडेला प्लास्टिक नेहमी बाहेर फाकतं, तेवढं कापूनच टाकायचं. आणि बाटली सरळ अंगाची घ्या. कंबर असलेली, नक्षीची बाटली घेतली की ती नक्षी काचेत उतरते. गन एका जागी धरू नका, दुधी डाग पडतो.

---

सागवानी

डबाबाटली, चपड्याचं पटलं. स्वतःचंच हसू आलं. चपडा आयुष्यभर मारला, पण पॅटर्न कधी तापवावं लागलं नाही.

झेरॉक्सवर मात्र माझा विश्वास नाहीच. आराखड्यावरची मापं मी वहीत उतरवून घेतली, खऱ्या विमानाच्या मापाशी ताडून पाहिली, ३२ नं भागली आणि मग थेट लाकडावर पट्टीनं आखली. झेरॉक्सची चूक असती तर दोन्ही पंखांत दिसली असती. इथं डावा शहाणा आणि उजवाच वेडा.

---

बिडाचा_वास

सागवानीसाहेब, मी साताऱ्याचा. फाउंड्रीत मोल्डिंगला होतो, आता चहाचा गाडा आहे. तुमच्या पोस्टमधली १६९.२ दोनदा वाचली.

१६७.५ मध्ये शंभराला एक मिळवा. किती होतात?

उजवा पंख आखताना पट्टी कुठली घेतली होती?

---

डबाबाटली

म्हणजे? पट्टी ती पट्टी ना?

---

बिडाचा_वास

नाही भाऊ. रस गार होताना बीड आक्रसतं, साधारण शंभराला एक. म्हणून पॅटर्न तेवढं मोठं करावं लागतं. दर मापाला हिशोब कोण करत बसणार? त्यासाठी पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी मिळते, श्रिंकेज स्केल. तिच्यावर १०० लिहिलेलं असतं, पण ते खरे १०१ असतात. दिसायला डिट्टो साध्या स्टीलच्या पट्टीसारखी. ॲल्युमिनियमची वेगळी, स्टीलची वेगळी.

साहेबांनी खात्री करायची असेल तर पंखाची रुंदीही मोजावी. अर्धा मिमी वाढलेली असेल. लांबी आणि रुंदी एकाच हिशोबानं वाढली असेल तर लाकडाचा दोष नाही, पट्टीचा.

---

सागवानी

आज दुपारी मोजलं. रुंदी मुळाशी अर्धा मिमी जास्त. म्हणजे बोलायची सोयच राहिली नाही.

कसं झालं ते आठवलं. डावा पंख गणपतीच्या आधी केला, साध्या पट्टीनं. मधे नातवानं ती पट्टी भूमितीच्या तासाला शाळेत नेली आणि बाकाच्या फटीत सोडून आला. उजव्याच्या वेळी पट्टी सापडेना म्हणून जुनी पेटी उघडली आणि हाताला लागली ती घेतली. तिच्या मागच्या बाजूला शेठनी ठोकलेला "बीड" असा शिक्का आहे, तोही वाचला मी. वाचून "हां, आपलीच" म्हणून आखायला बसलो!

घरच्यांना सांगितलं तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "मग विमान ओतून घ्या की."

दाजींना फोनवर सांगायचं धाडस अजून केलेलं नाही. बिडाचा_वास, तुमच्या गाड्यावर येऊन चहा घेणार हे नक्की. टोक घासून कमी करू का, की नवा करू?

---

बिडाचा_वास

टोकाला हात लावू नका, गोलाई बिघडेल आणि समोरून पाहताना तेच आधी दिसतं. कमी करायचंच तर मुळाशी कापा. पण रुंदीचा अर्धा मिमी आणि जाडीचं काय? नवाच करा. सागवान आहे ना तुमच्याकडं.

---

मल्लेश्वरमकर

उशिरा आलो, पण विषय माझ्या दाराशेजारचा आहे. तीस वर्षं बंगळुरात राहतो. इथल्या एचएएलच्या वारसा संग्रहालयात एचटी-२ ठेवलंय, पोरांना घेऊन चार-पाच वेळा गेलोय. फोटो काढायला जाणार असाल तर (कोणीही, फक्त काका नव्हे) तीन गोष्टी सांगतो.

मोबाइलनं जवळून काढलेल्या फोटोवरून मापं काढू नका. जवळचं नाक फुगतं आणि शेपूट बारीक होते. जितकं लांब जाता येईल तितकं मागे जा आणि झूम करून अगदी काटकोनात बाजूचा, समोरचा फोटो घ्या. जवळून घ्यायचं ते फक्त बारकाव्यांसाठी : पायांचे सांधे, शेपटीचं चाक, काचेची चौकट, पंखावर चढायची जागा.

दुसरं, संग्रहालयातल्या रंगावर जाऊ नका. उघड्यावर वा दालनात ठेवलेली विमानं वेळोवेळी पुन्हा रंगवली जातात. रंगवणाऱ्याच्या हाताशी जो डबा असतो तो रंग लागतो.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कारण काकांनी रंगाबद्दल अजून प्रश्नच विचारला नाही आणि तिथं ते नक्की अडकणार. हे विमान जवळपास चार दशकं सेवेत होतं. एवढ्या काळात पट्टे बदलतात, आकड्यांची जागा बदलते, अँटेना येतात-जातात. त्यामुळं "एचटी-२ चा रंग कोणता" या प्रश्नाला उत्तर नसतं. एक फोटो निवडा, त्यातलं एक विमान, त्याच्या शेपटीवरचा एक क्रमांक, आणि मग जे त्या फोटोत आहे तेवढंच करा. दुसऱ्या फोटोतला एक छान पट्टा उचलून याला लावायचा मोह होतो. तो आवरा. माझ्या किरणची मी अशीच वाट लावली आहे, नाक एका वर्षातलं आणि शेपूट दुसऱ्या.

गोल निशाणीचं : डेकल विसरा. साध्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, जिथं पांढरं तिथं तो काहीच छापत नाही आणि खालचं चंदेरी वर येतं. रंगानंच करा. आधी पूर्ण वर्तुळ पांढरं मारायचं, कारण चंदेरीवर थेट केशरी मारलं तर ते विटकरी दिसतं. मग कंपास-कटरनं मास्किंग टेपची कडी कापायची. बाहेर केशरी, मधे पांढरं, आत हिरवं. हिरवा मधोमध, हे लिहून भिंतीवर लावा. उलटं केलेली मॉडेलं प्रदर्शनात पाहिली आहेत, बक्षीस मिळालेलीसुद्धा.

---

उदगीरवाली

मला मॉडेलमधलं काही कळत नाही, शिक्षिका आहे. बिदर वाचलं म्हणून थांबले.

माझी आत्या बिदरला दिलेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत उदगीरहून एसटीनं जायचो. सकाळी गच्चीवर वाळवणाची राखण करायला बसवायचे आम्हा पोरींना, आणि वरून एकामागं एक ही छोटी विमानं घिरट्या घालायची. सारखं तेच : गोल फिरून खाली येणं, परत वर जाणं. आत्याचे सासरे म्हणायचे, "शिकाऊ पोरं आहेत, वळण गिरवतायत." आवाज मोठ्या शिलाई मशीनसारखा यायचा. पापड किती वाळले यापेक्षा किती विमानं आली हे आम्ही जास्त मोजायचो.

सूर्यकिरण या हवाई दलाच्या कसरतीच्या पथकाची नऊ विमानं बिदरहून उडायला लागली ती खूप नंतर, १९९६ नंतर. त्यांचे व्हिडिओ सगळे बघतात. ह्या वळण गिरवणाऱ्यांचं कोणी काही करतंय हे वाचून बरं वाटलं. दाजींना नमस्कार सांगा.

---

सागवानी

उदगीरवाली ताई, तुमची पोस्ट दाजींना वाचून दाखवली. "वळण गिरवतायत" ऐकून बराच वेळ हसत होते. म्हणाले, गिरवताना कागद फाटायचा तो आम्ही शिवायचो.

मल्लेश्वरमकर, तुमचं म्हणणं डोक्यात बसायला वेळ लागला, पण बसलं. माझ्या मनात विमान पूर्ण पिवळं होतं. दाजी म्हणाले चंदेरी, त्यावर पिवळे पट्टे. मग त्यांनी अल्बम काढायला लावला. एक फोटो आहे, काळा-पांढरा, पंखाजवळ पाच जण उभे, दाजींच्या हातात कसलीशी पेटी. शेपटीवरचा क्रमांक अर्धा दिसतो, उरलेला अर्धा कोणाच्या तरी टोपीमागं. तेच विमान करायचं ठरवलं. टोपीमागचे आकडे दाजींना विचारले तर चिडले, "एवढी विमानं गेली हाताखालून, आकडे काय लक्षात ठेवायचे?" आणि संध्याकाळी स्वतःच फोन करून दोन आकडे सांगितले.

त्याच फोटोत आणखी एक दिसतं. पंखाच्या मुळाशी, जिथं पाय देऊन वर चढतात, तिथला रंग उडालेला आहे. मी तिथं नीट काळी पट्टी काढणार होतो. आता काढून परत घासणार.

मागच्या कडेचं कोणी बोललं नाही, पण ते माझं मीच सोडवलं, इतरांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितो. पंखाची मागची कड चार मिमी आत कापून टाकली. उरलेल्या लाकडात बारीक करवतीनं आडवी फट पाडली आणि तिच्यात तीन दशांश मिमीचा प्लास्टिक शीटचा पट्टा अरल्डाइटनं बसवला. सागवान तेलकट असतं, त्यामुळं आधी फट थिनरनं दोनदा पुसली, नाहीतर अरल्डाइट धरत नाही. मग वरून खालून एनसी पुट्टी, पातळ पातळ थर. जाड मारली की आक्रसते (बघा, इथंही आक्रसणं आलंच!) आणि चार दिवसांनी खड्डा दिसतो. आता कड नखानं वाकते, तुटत नाही.

नवा उजवा पंख १६७.४. डाव्याशी एकदम जुळला. जुनी पट्टी फेकवली नाही, तिला लाल टेप गुंडाळून खिळ्यावर टांगली.

पण त्याच आठवड्यात पंख्यानं दगा दिला. दोन पाती वेगवेगळी कोरली, मधे पितळेच्या खुंटीवर बसवली, पॉलिश केली. छान दिसत होती. व्हिडिओ कॉलवर दाजी दोन सेकंद गप्प, मग म्हणाले, "फिरव." बोटानं फिरवला. "आता सांग, हवा कुठं जाणार?" मी बघतो तर काय, दोन्ही पात्यांना पीळ आरशातल्यासारखा! एक पातं हवा मागं ढकलणार, दुसरं पुढं. विमान जागच्या जागी थरथरत उभं राहील. आम्ही पॅटर्नमध्ये डावी-उजवी जोडी नेहमी आरशातल्यासारखीच करायचो, हात तसाच चालला. पात्यांना तसं चालत नाही. एक पातं मधल्या खुंटीभोवती अर्धा फेरा फिरवलं की दुसऱ्या पात्याच्या जागी हुबेहूब बसलं पाहिजे, उलटं करून नव्हे. परत कोरला, एकाच लाकडातून.

---

डबाबाटली

काका, पंख्याचं माझंही झालं होतं आणि मी ते तसंच प्रदर्शनात ठेवलं होतं. कोणाला कळलं नाही. म्हणजे दाजी आले नव्हते.

काच जमली का?

---

सागवानी

जमली, पाचव्या बाटलीला. तुम्ही सांगितलेलं फेविक्विकचं पॉलिश केलं. पहिल्या दोन दुधी झाल्या, तिसरीत बाटलीवरच्या छापील तारखेचा डाग राहिला, चौथी कापताना चिरली. चिरली कारण मी कटरनं एका झटक्यात कापायला गेलो. पाचवी साच्यावरच ठेवून, टेपची कड लावून, तीच रेघ वीस-पंचवीस वेळा हलक्या हातानं ओढली. काच दोन तुकड्यांत कापून मागची थोडी सरकवलेली ठेवली आहे, आतल्या बैठका दिसाव्यात म्हणून. बैठका कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्याच्या, पट्टे मास्किंग टेपचे.

चंदेरी रंग गॅरेजवाल्याकडून मारून घेतला. मोटारसायकलच्या टाक्या रंगवतो तो. आधी सरफेसर, मग हजारचा पेपर, मग रंग. सागवानाची एक रेघ कुठं दिसत नाही. त्यानं विचारलं, "काका, ही कुठल्या गाडीची?" वर्तुळं मात्र मी स्वतः केली, हिरवं मधोमध. भिंतीवर कागद खरंच लावला होता.

पाय लावून विमान पहिल्यांदा टेबलावर उभं केलं तेव्हा नाक वर, शेपूट खाली. पुढच्या बैठकीच्या जागी डोळा नेऊन बघितलं तर समोर नाकाशिवाय काही दिसत नाही. दाजी म्हणायचे की जमिनीवर ही पोरं विमान नागमोडी चालवायची, ते का ते आत्ता कळलं.

काल दाजींना फोटो पाठवले. चार बाजूंनी आठ फोटो. रात्री उत्तर आलं, एकच ओळ : "टायर फुगलेत. इतकी हवा आम्ही भरत नव्हतो."

टायर मी ओ-रिंगचे केलेत, पूर्ण गोल. खालून थोडे घासून चपटे करायचे हे कळलं. किती घासू?

---

मल्लेश्वरमकर

फार नाही. सपाट फरशीवर २४० चा पेपर ठेवा, विमान वर ठेवून चार-पाच वेळा पुढं-मागं करा. बाजूनं बघितलं तर टायर टेकलेला दिसावा, बसलेला नव्हे. एका पायाला जास्त झालं तर विमान कलेल, तेव्हा दोन्ही चाकं एकदम.

---

सागवानी

केलं. सहा वेळा फिरवलं. रविवारी घेऊन जातोय.